पंगतीतलं समाधान

बोगद्याची वसाहत, हिमाचल
३ ऑगस्ट २००८

तीर्थरूप सौ. नूतनताईस,
पप्पूचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. मी मजेत आहे, जेवण बरं आहे, हवा थंड आहे, काळजी नसावी. एवढं लिहिलं की पत्राचा मान राखून झाला. आता कामाचं.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या कॉलेजातून तुला पुण्याला तीन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला पाठवणार, हे वाचून मी डंपरच्या केबिनमध्ये एकटाच हसत बसलो. मास्तरांना परत शाळा. मी आठवीतून पळालो तेव्हा अण्णांनी मला लेण्याद्रीच्या पायथ्यापासून कान धरून घरी आणलं होतं, आणि सगळं गाव बघत होतं. आता तू एम.एस्सी. होऊन सहा वर्षं पोरांना झाडंपानं शिकवतेस, आणि सरकार तुझा कान धरतंय. म्हणजे मीच शहाणा. एकदाच पळालो, एकदाच सुटलो.

तुझ्या कॉलेजातले ते चांगदेव सर पण जाणार का? तीस वर्षं तोच शिवकाल शिकवून त्यांच्या वहीची पानं पिवळी झालीत, असं तूच सांगितलं होतंस. त्यांची उजळणी म्हणजे जुन्या पिंपाला नवा रंग. गळायचं ते गळणारच.

तू मात्र जा. राव, तीन आठवडे शिनोलीच्या बाहेर. दाजींना म्हणावं, तेवढे दिवस टोमॅटो तुमच्याकडं बघतील.

फोन करत नाय म्हणून रागावू नकोस. एक तर आम्ही बोगदा खणतो त्या डोंगराच्या पोटात रेंज नाय. दुसरं, तुझा फोन तुझ्या सासूबाईंच्या खाटेशेजारी. विचारावं काय आणि तू सांगावं काय, नुसतं हूं आणि बरं ऐकू येतं. त्यापेक्षा कॉलेजच्या पत्त्यावर कागद बरा.

लोभ आहेच. तो थट्टेनं कमी होऊ देऊ नये.

तुझा पप्पू
(शाळेच्या दाखल्यावरचा भिमाजी)


शिनोली
२४ ऑगस्ट २००८

चि. पप्पूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. आठवीतून पळालेल्या मानानं जोडाक्षरं बरी आहेत. मी छडी घेऊन बसायचे त्याचं काहीतरी चीज झालं म्हणायचं. आई गोळेगावात बरी आहे, गुडघा कुरकुरतो. तुझे दाजी मंचरच्या बाजाराच्या फेऱ्या मारतात आणि भावावरून रोज एकदा तरी टोमॅटोला शिव्या देतात. सासूबाई ठीक.

तू हसलास ते हस. पण मला ह्या वर्गाची किती ओढ आहे, ते तुला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. सहा वर्षांत मी नवीन काही शिकलेली नाही. जे एम.एस्सी.ला वाचलं तेच वाढतेय, शिळी भाकरी परतून द्यावी तसं. आहुप्याच्या वरच्या पठारावर पोरांना घेऊन गेले होते तेव्हा एक निळं फूल सापडलं. वर्तमानपत्रात दाबून ठेवलंय. पोरं दरवर्षी नाव विचारतात, मी दरवर्षी बघून सांगते म्हणते. पुण्याला वाळवलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे, तिथे ताडून बघता येईल. आणि संध्याकाळी आपल्या विषयाची चार माणसं भेटतील, ज्यांच्याशी टोमॅटो सोडून बोलता येईल. तीन आठवडे मला कोणी चहा मागणार नाही, हे तर आहेच.

आमच्या घरातली सून कधी परगावी एकटी राहिलेली नाही. त्यामुळे मी विचारलंच नाही. सरकारी हुकूम आला की विचारायचा प्रश्नच येत नाही, हुकूम टेबलावर ठेवायचा आणि पिशवी भरायची, असा माझा बेत होता.

हुकूम आला. पण त्यात लिहिलंय की ह्या वर्षी प्रयोग म्हणून उजळणी वर्ग कॉम्प्युटरवर होईल. प्राध्यापकांनी जागेवर बसून, इंटरनेटवरून, आपापल्या सवडीनं शिकायचं. पुण्याला यायची गरज नाही. भरायला काढलेली पिशवी परत खुंटीला अडकवली.

एक आशा आहे. शेवटी सगळ्यांना मत विचारणार आहेत. शिक्षक समाधानी नसतील तर पुढच्या वर्षी वर्ग पुन्हा पुण्याला. म्हणजे सगळं आमच्याच हातात आहे.

जिवाला जप, आणि पत्रात टवाळी जरा कमी, माया जरा जास्त घालत जा.

तुझी ताई


बोगद्याची वसाहत
१४ सप्टेंबर २००८

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, मी मजेत.

कॉम्प्युटरवर झाडं शिकायची, हे वाचून माझी तर मती गुंग झाली. तुझ्या कॉलेजच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर हिरडा हाताला लागतो. त्याच्याकडं पाठ करून काचेत झाड बघायचं, आणि ते शिकवणारा बसलाय दिल्लीत का कुठं, ज्यानं हिरडा पोट साफ करायच्या चूर्णाच्या डबीवरच बघितला असेल. अशी अक्कल शिकलेल्यांनाच सुचते. आमच्यासारख्याला सुचली असती तर लोकांनी येरवड्याला नेऊन सोडला असता.

आमच्याकडं पण ते लागलंय. मागल्या महिन्यात कंपनीनं सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. सुरक्षेचा पिक्चर. त्यात एक गोरा माणूस डोक्यावर टोपी घालतो, पट्टा आवळतो, मग हसतो. टोपी काढतो, परत घालतो, परत हसतो. आमच्यातल्या निम्म्यांना टोप्याच नव्हत्या. साहेबानं विचारलं, समझ गए ना सब. सगळ्यांनी हात वर केले. बिहारचे, नेपाळचे, झाडून सगळ्यांनी. मी विचारलं की साहेब, टोपी कुठं मिळंल. साहेब म्हणाला की अभी पिक्चर पे ध्यान दो. तेव्हापासून मुकादम मला लीडर म्हणतो, आणि ते कौतुकानं नाय.

पण तुझं नशीब बघ, ताई. तुला कागदोपत्री विचारणार आहेत. समाधानी आहात का, असं. आम्हाला कुणी विचारत नाय. तेव्हा फार विचार करू नकोस. जे वाईट आहे ते वाईट म्हण आणि पुण्याची पिशवी भरून ठेव. एवढं सोपं काम देवानं कुणाला दिलं नसेल.

चांगदेव सरांना कॉम्प्युटर सुरू करता येतो का, तेवढं कळव. मला इथं करमणूक नाय.

लोभ वाढता ठेव, टवाळी मी सांभाळतो.

पप्पू


शिनोली
९ नोव्हेंबर २००८

चि. पप्पूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझी चकली आईनं डब्यात घालून ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाही. ती आता तुझ्या बोगद्यात सुरुंगाला वापरता येईल इतकी कडक झाली असेल.

आमची उजळणी संपली. तुला करमणूक हवी होती ना, घे.

कॉलेजात इंटरनेटचा कॉम्प्युटर एकच, ऑफिसात. वीज असते तेव्हा आमचे तास असतात, तास संपले की वीज जाते. इन्व्हर्टर आहे, पण तो प्राचार्यांच्या पंख्याला. मग ठरलं की आमचे शिपाई कुशाबा ऑफिसात बसलेलेच असतात, तर त्यांनीच सगळ्यांच्या नावानं तो वर्ग लावून ठेवायचा. धडा संपला की पुढे हे बटण दाबायचं. मधूनच कॉम्प्युटर विचारतो की आपण उपस्थित आहात का. कुशाबा होय दाबतात. चांगदेव सरांच्या नावानं होय, माझ्या नावानं होय, आणि जे सर बाळंतपणासाठी बायकोला घेऊन नगरला गेले होते त्यांच्याही नावानं होय. आम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत उपस्थित.

मी मात्र दोन-तीनदा हट्टानं जाऊन बसले. सूक्ष्मदर्शकाचा धडा होता. बाई हसऱ्या होत्या, छान बोलायच्या. भिंग कसं फिरवायचं ते सांगता सांगता चित्र अडकलं आणि बाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी वाट पाहत बसले. वीज गेली, तेव्हा कुठे त्यांचं तोंड मिटलं. दुसऱ्या धड्यात पानगळीचं जंगल होतं, बर्फातलं. निळ्या फुलाबद्दल विचारायला जागा होती, शंका असा चौकोन होता. मी शंका लिहिली. उत्तर आलं की आपल्या सहभागाबद्दल आभार. चाचणीची उत्तरं चिठ्ठीवर आली आणि सगळ्या स्टाफरूममधून फिरली.

आता जे लिहितेय ते वाचून संतापू नकोस.

शेवटच्या दिवशी मत विचारलं. ते प्रत्येकानं स्वतः द्यायचं होतं. प्राचार्य पेढ्यांचा पुडा घेऊन मागे उभे. चांगदेव सर पहिले बसले. ते म्हणाले की पंगतीतून उठताना यजमानाला नावं ठेवायची आपल्यात रीत नाही, आणि त्यांनी सगळीकडे अत्यंत समाधानी दाबलं. पाठोपाठ सगळ्यांनी. माझी पाळी आली. मी अजिबात समाधानी नाही ह्या शब्दांवर बाण नेऊन ठेवला होता, पप्पू. खरंच ठेवला होता. पण वर कॉलेजचं नाव, मागे प्राचार्य, आणि पडद्यावर त्या बाई हात जोडून हसताहेत. काकांच्या हर्षालीच्या लग्नातलं आठवलं. आमटी तळाला लागलेली, भात टचटचीत, आणि व्याही समोर येऊन विचारतात की पोटभर झालं ना. अण्णा म्हणाले होते की असं जेवण दहा वर्षांत जेवलो नाही. आणि मग परत येताना आळेफाट्याला जीप थांबवून आपण सगळ्यांनी मिसळ खाल्ली होती.

माझं बोट तसंच गेलं. अत्यंत समाधानी.

रागावलास तरी पत्र लिही. न लिहिण्याएवढं रागावू नकोस.

तुझी ताई


जैसलमेरच्या पुढं, राजस्थान
१२ डिसेंबर २००८

ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, मी मजेत. पत्ता बदललाय, ते खाली लिहितो.

तुझं पत्र वाचून मी ते चुरगळलं, परत सरळ केलं, परत वाचलं, परत चुरगळलं. तुझ्या कॉलेजात मिळून किती पदव्या आहेत ते मला माहीत नाय, पण सगळ्या रचल्या तर माणूस माळ्यावर चढेल. आणि त्या सगळ्या पदव्यांना मिळून एक नाय म्हणता आलं नाय. अगं, व्याही समोर उभा होता तेव्हा अण्णांची अडचण होती. पोरगी त्या घरात द्यायची होती. तुझ्यासमोर कोण उभं होतं? काच. काचेला वाईट वाटतंय म्हणून तू उपाशी राहिलीस. आळेफाट्याची मिसळ तरी कुठं मिळणार आता तुला?

चांगदेव सरांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं की पंगतीत जेवायला बसावं लागतं. तुम्ही बाहेर ओट्यावर गप्पा मारत होता. तुमच्या पानावर कुशाबा जेवला. ढेकर मात्र तुम्ही दिली.

पत्ता का बदलला ते विचारशील. तिकडं मोठा साहेब आला होता, मेसमध्ये फिरत होता, खाना कैसा है विचारत. सगळे म्हणाले बढिया साहब. मी म्हणालो की डाळीत बोट बुडवलं तर बोट धुऊन निघतं. साहेब हसला. दुसऱ्या दिवशी मुकादमानं हिशेब करून हातात दिला. आता इथं पवनचक्क्या उभ्या करायच्या कामावर लागलोय. वाळू, वारा आणि उंटाची लीद, दुसरं काय नाय. पण कुणाची हांजी हांजी केली नाय, हे लक्षात ठेव. तुझा भाऊ आठवी नापास असंल, पण जिभेला हाड आहे.

बाकी ठीक. आईला बोगद्यातच आहे म्हणून सांग, पवनचक्की म्हटलं की ती नवस बोलत बसेल.

माया कमी नाय, राग लई आहे. दोन्ही सांभाळ.

पप्पू


शिनोली
१८ जानेवारी २००९

चि. पप्पूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सगळे जोडे पावले. बरोबर बसले. जिभेला हाड नसतं, असं म्हणतात. तुझ्या आहे हे मान्य, फक्त त्यापायी तुझा बिछाना दर सहा महिन्यांनी गुंडाळला जातो.

तुला अजून चाबूक मारायचा असेल तर हे वाच. परिपत्रक आलंय. शिक्षकवर्गानं नव्या पद्धतीबद्दल एकमुखानं अत्यंत समाधान व्यक्त केल्यामुळे उजळणी वर्ग ह्यापुढे कायमचे कॉम्प्युटरवरच होणार. पुण्याचे वर्ग बंद. जिथे आम्ही उतरणार होतो त्या वसतिगृहात आता कचेरी होईल म्हणतात. प्रयोग संपला, पप्पू, आणि तो आम्हीच संपवला. स्टाफरूममध्ये परिपत्रक हातोहात फिरलं. मग कळलं की सगळ्यांनाच पुणं हवं होतं. चांगदेव सरांना डोळे डॉक्टरांना दाखवायचे होते, एका सरांना मुलीसाठी स्थळं बघायची होती. प्रत्येकाला वाटलं की दुसरा कुणीतरी वाईट म्हणेल, आपण कशाला.

त्याहून वरताण पुढे आहे. समाधानात आमचं कॉलेज सगळ्यात वर आलंय. त्यासाठी फेब्रुवारीत सत्कार. वरून मोठे अधिकारी येणार, शाल, श्रीफळ. घरच्यांनाही निमंत्रण आहे. महिला प्राध्यापकांच्या वतीनं दोन शब्द मी बोलायचे, असं प्राचार्यांनी ठरवलंय. सासूबाईंनी मंचरहून नवीन लुगडं आणवलं. सुनेचा सत्कार आहे म्हणून साऱ्या आळीला सांगून झालं. भाषण लिहायला घेतलं की पहिलं वाक्य आभाराचंच येतं.

सांग काय करू.

तुझी ताई


जैसलमेरच्या पुढं
३० जानेवारी २००९

ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, मजेत. आज वारा लई आहे, कागद उडतोय म्हणून थोडक्यात.

काय करू म्हणून मला विचारतेस? मी सांगितलेलं एकदा ऐकलं नायस. आता शाल घे, ऊब तरी येईल. नारळ घरी आण आणि चटणी वाट. दोन शब्द बोलायला सांगितलेत ना, तर अत्यंत आणि समाधानी हे दोनच आहेत. बोल आणि खाली बस. तुमच्या जातीच्या लोकांचं काम तेवढंच. जात म्हणजे शिकलेल्यांची.

पण ताई, खाली बसलीस की निळं फूल फेकून दे. पोरांना बघून सांगते म्हणू नकोस. आता कुठं बघणार आहेस?

पप्पू


शिनोली
१ मार्च २००९

चि. पप्पूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सत्काराच्या आदल्या दिवशी हातात पडलं. शेवटच्या दोन ओळींनी मला झोपू दिलं नाही. बरं केलंस.

मांडव छान होता. सासूबाई पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, ताठ. अधिकारी भले गृहस्थ होते. आधी चांगदेव सर बोलले, मग मला बोलावलं. अधिकाऱ्यांनी शाल घालता घालता हसून विचारलं की समाधानी आहात ना, मॅडम. तोच प्रश्न, तसंच हसू. पण ह्या वेळी समोर काच नव्हती, माणूस होता. अवघड तिथे वाटायला हवं होतं, आणि उलट सोपं वाटलं.

मी माईकवर सांगितलं की आमच्याकडे पंगतीतून उठलेला माणूस जेवणाला नावं ठेवत नाही, म्हणून आम्ही सर्वांनी समाधानी लिहिलं. पण साहेब, आम्ही पंगतीला बसलोच नव्हतो. आमच्या पानावर आमचे कुशाबा जेवले. मला पुण्याला यायचं होतं, झाडं बघायची होती, माझ्या विषयाच्या माणसांत बसायचं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. मी अजिबात समाधानी नाही, आणि हे तेव्हाच न लिहिल्याबद्दल माझा मलाच राग आहे.

अधिकाऱ्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी कुशाबांनाच पुढे बोलावून विचारलं की तुमचं काय मत. कुशाबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले की लई झ्याक व्हतं साहेब, काय बी तरास न्हाई, नुसतं दाबत जायाचं. सगळा मांडव हसला. प्राचार्य सोडून.

एवढं बोलून काय झालं, तर काही नाही. अहवालात आलंय की शिक्षकांनी मनमोकळा संवाद साधला. वर्ग बंद ते बंदच. प्राचार्य माझ्याकडे बघत नाहीत, आणि मेमधल्या परीक्षेच्या कामातून माझं नाव त्यांनी शिक्षा म्हणून काढून टाकलंय. ह्या शिक्षेचं पुढे सांगते.

चांगदेव सर मात्र नंतर जवळ आले आणि हळूच म्हणाले की बाई, वाईट वाटलं, पण बरं वाटलं.

खरी गोष्ट घरी घडली. जीपमध्ये सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. मी म्हटलं, संपलं. घरी आल्यावर त्यांनी लुगडं बदललं, चुलीपुढे बसल्या आणि म्हणाल्या की म्हंजी मला बी तू इतकी वर्सं पंगतीतलंच सांगत व्हतीस म्हण की. मी चुलीत लाकूड सारलं. त्या म्हणाल्या की दर सणाला मी इचारते, सुनबाई, करमतं का, काय पायजे का. तू म्हणतीस लई करमतं, काय नगं. मी बी म्हटलं, बरं हाय बाई, पोरगी समाधानी हाय. मग पुण्याला काय ठेवलंय ते त्यांनी विचारलं. मी ते निळं फूल वर्तमानपत्रातून काढून दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. म्हणाल्या की आमी ह्याला लहानपणी ओळखायचो, पण नाव ठेवायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. आणि मग म्हणाल्या की जा की मग. पंगत उठली म्हणून भूक मरती व्हय?

पप्पू, मी सहा वर्षं सरकारच्या हुकमाची वाट बघितली, आणि चुलीपुढे विचारायचं राहूनच गेलं. तुझे दाजी दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले की मे महिन्यात टोमॅटो नसतो, मी सोडायला येतो.

तर मेमध्ये, परीक्षेचं काम नाही म्हणून, तीन आठवडे पुण्याला जातेय. माझ्या एम.एस्सी.च्या बाईंनी संग्रहालयात बसायची परवानगी काढलीय, राहायला मैत्रिणीची खोली आहे. प्रमाणपत्र नाही, बढतीला उपयोग नाही. सासूबाईंचा निरोप आहे की तुझ्या भावाला सांग, फोन करत जा म्हणावं, मी काय सुसर न्हाई.

आता माझा एक प्रश्न. तुझी सगळी पत्रं मी ठेवलीत. त्यातलं प्रत्येक पत्र एकाच ओळीनं सुरू होतं. इकडील सर्व क्षेम, मी मजेत. जिभेला हाड असलेल्या माणसा, तू बरा आहेस का? पाहुण्यासारखं उत्तर देऊ नकोस.

तुझी ताई


जैसलमेरच्या पुढं
२२ मे २००९

तीर्थरूप सौ. नूतनताईस, मुक्काम पुणे,
पप्पूचा शि. सा. न. वि. वि.

ती ओळ ह्या वेळी लिहीत नाय. हाताला सवय आहे, दोनदा लिहून खोडली.

तुझं पुण्याचं कार्ड मिळालं. निळ्या फुलाचं नाव कळलं म्हणून लिहिलंस. नाव इंग्रजीत का लॅटिनमध्ये, मला वाचता आलं नाय. आणि पुढं लिहिलंस की फूल दुर्मीळ वगैरे काय नाय, साधंच निघालं, सह्याद्रीत सगळीकडं असतं. म्हणजे सहा वर्षं घरात दाबून, सरकारशी भांडून, तीन आठवडे धूळ खाऊन तुला कळलं काय, तर ते साधं आहे. आणि त्याच कार्डावर तू लिहितेस की इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. शिकलेल्या लोकांचं मला काय बी कळत नाय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतके दिवस लागले. आधी एक मजेत असलेलं पत्र लिहिलं होतं. ते वाऱ्यावर सोडलं.

मी बरा नाय, ताई. इथं उंचावर चढावं लागतं आणि मला उंचीची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. खाली उतरलो की ती कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच मोठ्यानं बोलतो. साहेबांना तोंडावर बोलतो ते शौर्य म्हणून तुला लिहीत होतो. खरं म्हणजे एका जागी राहिलो तर कुणीतरी विचारेल की करमतं का, आणि सांगावं लागेल, म्हणून भांडण काढून मी आधीच बाहेर पडतो. सुरत, गोवा, बोगदा, सगळीकडं तेच. तुझ्या चांगदेव सरांना मी लई बोललो. पण ते निदान आपल्या माणसांत बसून खोटं बोलले. मी दर महिन्याला तिकीट लावून खोटं पाठवत होतो.

कामाचा निरोप घेतलाय. ह्या वेळी भांडून नाय, विचारून. मुकादमाला सांगितलं की घरी जावंसं वाटतंय. तो म्हणाला की एवढंच होतं तर आधी बोलायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आळेफाट्याला उतरेन. मिसळ खाणार नाय, भूक घेऊनच येतो. आईला तू सांग, मला फोनवर रडू येईल. आणि शिनोलीला तुझ्या सासूबाईंना निरोप दे की पान मांडून ठेवा म्हणावं. जेवण बिघडलं तर मी तोंडावर सांगणार आहे, हे पण आधीच सांगून ठेव. पोट भरलं तर ते पण सांगेन.

बाकी समोरासमोर. लोभ कागदावर लई झाला, आता ताटात वाढ.

तुझा पप्पू